नव्या कर्नलवर टीव्ही १०२४×७६८ वर अडकतो: ड्रायव्हर नीट कसा तपासायचा?

वाळपईकर · ४ जुलै, रात्री ९:५०

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आमच्या गावच्या वाचनालयात सहा जुने डेस्कटॉप आहेत. तिसऱ्या पिढीचे आय-३, ग्राफिक्स इंटेलचं, वेगळं कार्ड नाही. गेल्या वर्षी सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्स) चढवलं. त्यातला एक सभागृहातल्या ३२ इंची टीव्हीला जोडलाय, दहा मीटरच्या व्हीजीए केबलने. केबल खिडकीवरून भिंतीच्या कडेकडेने जाते. चवथीआधी गावातल्या जुन्या नाट्यप्रयोगांची रेकॉर्डिंगं तिथे दाखवायची आहेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

गेल्या आठवड्यात बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवे भाग मिळतात तिथून) ६.१२ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घातला. तेव्हापासून टीव्हीवर १०२४×७६८ च्या वर काही मिळत नाही. टीव्हीचा पडदा १३६६×७६८ चा. चित्र येतं, रंग ठीक, पण माणसं आडवी ताणली जातात. काल राजापार्टचा नट पिंपासारखा दिसत होता.

जुन्या ६.१ वर बूट केलं की सगळं झकास. तीन दिवस लागोपाठ हेच. म्हणजे इंटेल ग्राफिक्स चालवणाऱ्या आय९१५ ड्रायव्हरमध्येच बग आहे. तो मला कळवायचाय. पण नुसतं ‘चालत नाही’ असं लिहिलं तर कोण विचारतंय? रिझोल्यूशन, केबल काढून घातल्यावर पडदा ओळखणं, पडदा उभा फिरवणं, मशीन झोपवून उठवणं, या एकेक गोष्टी पद्धतशीर कशा तपासायच्या ते कोणी सांगेल का?

---

पोदेर · ४ जुलै, रात्री १०:०५

एवढं कशाला? नवा कर्नल काढून टाका, जुना ठेवा. नाटक दिसल्याशी कारण.

---

वाळपईकर · ४ जुलै, रात्री १०:१२

ठेवलाच आहे हो. पण किती दिवस? कधीतरी डेबियन १३ वर जायचंच आहे, त्यात ६.१२ च येतो. आणि बग असेल तर तो माझ्या एकट्याचा थोडाच आहे.

---

कुळागर · ५ जुलै, सकाळी ७:२०

वाळपईकर, कळवायच्या आधी थोडं थांबा. तुमचा १०२४×७६८ हा आकडा वाचूनच माझे कान टवकारले. का ते सांगतो, पण थोडं मागून यावं लागेल.

२००९ मध्ये कर्नल २.६.२९ येईपर्यंत पडद्याचं रिझोल्यूशन ठरवणं हे एक्स सर्व्हरचं, म्हणजे पडद्यावर खिडक्या रंगवणाऱ्या प्रोग्रामचं, काम होतं, कर्नलला त्याचा पत्ताच नसे. मग ते काम कर्नलने स्वतःकडे घेतलं, त्याला केएमएस म्हणतात, आणि सुरुवात इंटेलपासूनच झाली. आज ‘डिस्प्ले ड्रायव्हर’ म्हणतो तेव्हा त्यात चार पात्रं असतात. प्लेन म्हणजे चित्राचा एक थर. मुख्य चित्र एक, माउसचा बाण बहुतेक वेळा वेगळा. सीआरटीसी हे थर एकावर एक ठेवून ओळीमागून ओळ, ठरल्या वेळेला बाहेर सोडतो. एन्कोडर ते तारेच्या भाषेत बसवतो. आणि कनेक्टर म्हणजे तुमच्या मशीनमागचं भोक.

‘ठरल्या वेळेला’ यात बरंच काही आहे. १९२०×१०८० म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात एका ओळीत २२०० ठिपके मोजले जातात आणि ओळी ११२५. जास्तीचे ठिपके दिसत नाहीत, ती पुढच्या ओळीकडे, पुढच्या चित्राकडे वळायची उसंत. २२०० गुणिले ११२५ गुणिले सेकंदाला ६० वेळा, झाले १४८.५ मेगाहर्ट्झ. प्रत्येक मोडमागे, म्हणजे रिझोल्यूशन आणि वेगाच्या जोडीमागे, असा हिशेब असतो.

आता हा हिशेब कर्नलला कोण सांगतं? टीव्ही स्वतः. त्याच्या पोटात ईडीआयडी नावाचा १२८ बाइटचा ठोकळा असतो (नव्या पडद्यांत पुढे आणखी ठोकळे जोडलेले), आणि केबलमधल्या एका संथ जोडतारेवरून कर्नल तो वाचून घेतो. तो वाचता आला नाही आणि तरी पडदा जोडलेला आहे एवढं कळलं, तर कर्नल जोखीम घेत नाही. सगळ्यांना झेपेल अशी जुनी यादी पुढे करतो. त्या यादीची कमाल मर्यादा काय? १०२४×७६८.

म्हणजे तुमच्या ड्रायव्हरने मोड चुकीचा निवडला असं नाही, त्याला टीव्हीचं उत्तरच आलं नाही असा माझा संशय. उत्तर का आलं नाही हा पुढचा प्रश्न. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) डीआरएमच्या, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स विभागाच्या, फोल्डरात तुमच्या व्हीजीए कनेक्टरखाली ईडीआयडी नावाची फाइल आहे. ती किती बाइटची आहे ते दोन्ही कर्नलवर बघा. कमांडचा फोटो खाली जोडलाय.

---

वाळपईकर · ५ जुलै, सकाळी ९:२५

बघितलं! नव्या कर्नलवर फाइल शून्य बाइटची. सापडला चोर.

---

कुळागर · ५ जुलै, सकाळी ९:४०

थांबा. तुम्ही माझी कमांड चालवली की नुसतं एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) करून आकार बघितला? एलएसला सिसएफएसमधली ही फाइल नेहमीच शून्य दिसते, आत माल असला तरी. फाइल प्रत्यक्ष वाचून बाइट मोजायचे. या खड्ड्यात मीही पडलोय, एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

---

वाळपईकर · ५ जुलै, दुपारी ३:३०

एलएसच केलं होतं, खोटं कशाला बोलू. आता नीट मोजलं.

नवा कर्नल, वाचून मोजली तरी ० बाइट. जुन्यावर १२८. सुरुवातीचे आठ बाइट तुम्ही फोटोत दाखवलेत तसेच: शून्य-शून्य, सहा वेळा एफएफ, परत शून्य-शून्य. १२८ बाइटांची बेरीज केली (चेकसम तपासायची हीच रीत), २५६ ने बरोब्बर भाग जातो. म्हणजे जुना कर्नल टीव्हीशी बोलतो, नवा बोलत नाही. आता तरी बग म्हणू का?

---

फेरीबोट · ५ जुलै, दुपारी ४:१०

मी पंचवीस वर्षं मॉनिटर दुरुस्त करतोय, कर्नलमधलं फारसं कळत नाही. एकच प्रश्न. नवा कर्नल तपासला तेव्हा किती वाजले होते, आणि जुना तपासला तेव्हा किती?

---

वाळपईकर · ५ जुलै, दुपारी ४:२५

नवा सकाळी. वाचनालय नऊला उघडतो, मशीन आपोआप नव्यावरच सुरू होतं. जुना दुपारी जेवून आल्यावर, अडीच-तीनला. का हो?

---

फेरीबोट · ५ जुलै, दुपारी ४:५०

आणि मागचे तीन दिवसही असंच? सकाळी नवा, दुपारी जुना?

मग तुम्ही कर्नल तपासलाच नाही बाबा, घड्याळ तपासलंत. जुलै महिना, सत्तरी तालुक्याचा पाऊस, रात्रभर बंद सभागृह, खिडकीवरून गेलेली केबल. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येऊ नये म्हणून आपण आत बल्ब लावून ठेवतो ना? दुपारपर्यंत टीव्ही आणि मशीन तेच काम करतात, जोडाजवळची ओल सुकवतात.

व्हीजीएच्या १५ पिना. १, २, ३ वर लाल, हिरवा, निळा. १३ आणि १४ वर सिंक, म्हणजे ओळ आणि चित्र कधी सुरू होतं त्याचे इशारे. कुळागर म्हणतात ती संथ जोडतार १२ आणि १५ वर. म्हणजे १२ नंबर हिरवी पडली तरी चित्राला काही होत नाही, रंग ठीक, सगळं ठीक, फक्त टीव्हीचं नाव-गाव कळत नाही. त्यात दहा मीटर केबल, त्या तारेला आधीच ओझं. केबल काढून बॅटरी मारून बघा.

---

पोदेर · ५ जुलै, संध्याकाळी ५:०२

मी म्हटलंच होतं, कर्नल-बिर्नलचं काही नाही.

---

कुळागर · ५ जुलै, संध्याकाळी ६:१५

पोदेर, तुम्ही नवा कर्नल काढून टाका म्हणाला होतात. :)

फेरीबोटकाकांनी नेमकं बोट ठेवलं. पण वाळपईकर, लगेच केबल बदलू नका! बदललीत आणि चाललं, तर कर्नलवरचा संशय तसाच राहील. आधी फेरफार करून बघा. उद्या सकाळी नऊला जुना, मग लगेच नवा, मग परत जुना. दुपारी तीनला पुन्हा तेच, पण सुरुवात नव्याने. प्रत्येक वेळी मशीन पूर्ण बंद करून चालू करायचं आणि बाइट मोजून वहीत लिहायचे. स्मरणावर विसंबायचं नाही, आपल्याला जे हवं तेच लक्षात राहतं.

हे इतकं का सांगतोय तेही ऐका. बग कळवला असता तर तिकडून पहिलं उत्तर ‘बायसेक्ट करा’ असं आलं असतं. म्हणजे ६.१ चांगला, ६.१२ वाईट, तर मधले बदल अर्धे-अर्धे करत दोषी बदल शोधायचा. एका आवृत्तीत दहा हजारांवर बदल असतात आणि मध्ये अकरा आवृत्त्या. तरी सतरा-अठरा फेऱ्यांत उत्तर मिळतं, पद्धत सुंदर आहे. पण प्रत्येक फेरीला कर्नल बांधायचा, तुमच्या आय-३ वर काही तास. आणि एका फेरीचं उत्तर जरी पावसाने दिलेलं असलं, तरी शेवटी बोट जाणार कुठल्यातरी बिचाऱ्याच्या साउंडकार्डच्या बदलावर. अशा तक्रारी येतात, आणि पुढच्या वेळी तुमची खरी तक्रारही बाजूला पडते.

---

वाळपईकर · ७ जुलै, रात्री ८:४०

दोन दिवसांची वही समोर आहे.

काल सकाळी: जुना ०, नवा ०, जुना ०. जुनाही शून्य! बघून मी हसायलाच लागलो, ग्रंथपाल बाई विचारताहेत काय झालं. दुपारी: नवा १२८, जुना १२८, नवा १२८. आज सकाळी पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं. पहिल्या वेळी नवा १२८, दुसऱ्या वेळी जुना ०, मग नवा १२८. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) एकदा ‘चेकसम चुकीचा’ अशीही तक्रार दिसली, म्हणजे अर्धवट वाचलं असणार.

मग केबल काढली. टीव्हीकडच्या टोकाला खालच्या ओळीतली पिन मोरपिशी झालीय, टोकाला पांढरी बुकटी. मोजली तर १२ नंबरच. फेरीबोटकाका, देव बरें करूं.

तीन दिवस ‘लागोपाठ तेच’ म्हणून मी केवढ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं वर.

---

फेरीबोट · ७ जुलै, रात्री ९:००

मोरपिशी म्हणजे मुलामा गेला आणि तांबं उघडं पडलं. घासू नका, आणखी जाईल. नवी केबल घ्या, पण विकत घेताना टोकात बघा. स्वस्त केबलींत १२ आणि १५ च्या तारा कधीकधी जोडलेल्याच नसतात. मीटर लावून बघायला सांगा दुकानात. तोंड वाकडं करतील, करू देत. आणि खिडकीवरून नेऊ नका.

---

बोरीपूल · ७ जुलै, रात्री ९:३०

मी फार्मागुडीला इंजिनिअरिंग करतोय, तिसरं वर्ष. धागा वाचून मजा आली. तोपर्यंत जुगाड म्हणून एक्सआरअँडआरने (पडद्याची सेटिंग बदलणारी कमांड) हाताने मोड घालता येईल ना? सीव्हीटी कमांडला १३६६ ७६८ दिलं की सगळे आकडे तीच काढून देते.

---

कुळागर · ७ जुलै, रात्री ९:५५

देते, पण नीट बघ काय देते. १३६६ मागितलंस तर १३६८ देईल. सीव्हीटीच्या नियमात रुंदी आठाच्या पटीत लागते, १३६६ ला आठाने भाग जात नाही. टीव्ही मग ते दोन खांब कुठेतरी कोंबतो आणि अक्षरं पुसट होतात. लोक म्हणतात ड्रायव्हर वाईट.

त्यापेक्षा चांगला जुगाड: दुपारी वाचलेले ते १२८ बाइट फाइलमध्ये साठवा आणि बूट करताना कर्नलला सांगा की या कनेक्टरचा ईडीआयडी तारेवरून नको, या फाइलमधून घे. फाइल फर्मवेअरच्या फोल्डरात जाते. ती इनिटरामएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारा फाइलींचा छोटा गठ्ठा) घालायला विसरू नका. ड्रायव्हर लवकर जागा होतो, तेव्हा डिस्क अजून जोडलेली नसते. नवी केबल आली की मात्र हे काढा, नाहीतर उद्या दुसरा टीव्ही लावाल आणि कर्नल जुन्याच टीव्हीचं गाणं गात बसेल.

---

बोरीपूल · ८ जुलै, दुपारी १:१५

कुळागर सर, मला ड्रायव्हर तपासणीतच काही करायचंय. आयजीटी, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या चाचण्यांचा संच, उतरवून लॅपटॉपवर चालवलं. निम्म्याहून जास्त चाचण्या ‘स्किप’! माझा ड्रायव्हर इतका भिकार आहे का?

---

कुळागर · ८ जुलै, रात्री ८:३०

सर नको रे. दादा चालेल.

स्किप म्हणजे नापास नव्हे. त्या चाचणीला जे हवं ते तुझ्याकडे नाही एवढाच अर्थ. दोन पडदे लागतात, तुझा एकच. किंवा अमुक थर तुझ्या चिपमध्ये नाही. दुसरं म्हणजे डेस्कटॉप चालू ठेवून चालवलंस ना? पडद्याची मालकी एका वेळी एकाकडेच असते. ग्नोम डेस्कटॉप मालक असताना चाचणीला मोड बदलता येत नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून कन्सोलवर जा, डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा) पूर्ण बंद कर, मग रूट म्हणून चालव. मोडटेस्ट या मोड तपासायच्या छोट्या कमांडलाही हेच.

आणि सुरुवात तुझ्या लॅपटॉपवर करूच नकोस. व्हीकेएमएस नावाचा ड्रायव्हर आहे, २०१८ मध्ये कर्नल ४.१९ पासून. खरं हार्डवेअर काहीच नाही, सगळा पडदा मेमरीत. व्हर्च्युअल मशीनमध्ये घाल, कोसळलं तर कोसळू दे. वर्गातल्या कोणाच्याही मशीनवर होतं, पावसापाण्याचा प्रश्न नाही.

आयजीटीची मला आवडणारी गोष्ट सांगतो. चित्र बरोबर आलं हे यंत्राने कसं ओळखायचं? डोळे तर नाहीत. मग एकच चित्र दोन वाटांनी काढायचं. एकदा साधं, पूर्ण चित्र एकाच थरात. दुसऱ्यांदा बाणाचा चौकोन वेगळ्या थरात ठेवून. दोन्ही वेळा अंतिम चित्राचा सीआरसी, म्हणजे गोळाबेरजेचा आकडा घ्यायचा. इंटेलच्या चिपमध्ये बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चित्राचा असा आकडा काढायची सोय आहे, व्हीकेएमएसमध्येही आहे. आकडे जुळले तर थर नीट बसला. एका ठिपक्याने सरकला तरी आकडा बदलतो.

पण हा आकडा चिपच्या आत निघतो, तारेच्या अलीकडे. वाळपईकरांच्या मशीनवर त्या सकाळी आयजीटी चालवलं असतं तर या चाचण्या निवांत पास झाल्या असत्या आणि टीव्हीवर राजा पिंपच राहिला असता. तारेपलीकडचं तपासायला दुसऱ्या टोकाला खोटा मॉनिटर लागतो. क्रोमबुकसाठी गूगलने असा बोर्ड केला, कमेलियम. तो हवा तो ईडीआयडी दाखवतो, केबल काढल्याचं-घातल्याचं नाटक करतो आणि आलेलं चित्र पकडून परत देतो. आपल्याकडे त्या जागी फेरीबोटकाका आहेत.

---

फेरीबोट · ८ जुलै, रात्री ९:०५

मला बोर्ड म्हणताय का? बरं.

---

वाळपईकर · १३ जुलै, रात्री १०:२०

नवी केबल आतल्या भिंतीने नेली. पाच सकाळी, दोन्ही कर्नल, दर वेळी १२८.

आता दुसरी गंमत. या नादात ग्रंथपाल बाईंचा लॅपटॉप हाती आला. त्यांची तक्रार: टाइप केलेलं अक्षर दिसतच नाही, माउस हलवला की चार अक्षरं एकदम उमटतात. आधी केबल बघू म्हटलं, तर लॅपटॉपला केबल कुठली काढायची! वाचता वाचता पीएसआर सापडलं. चित्र बदलत नसेल तर चिप पाठवणं थांबवते, आणि पडदा स्वतःच्या मेमरीतलं जुनं चित्र दाखवत राहतो, वीज वाचते. आमचा पडदा बहुधा जागाच होत नाही. पीएसआर बंद करून बूट केलं, दोष गेला. यावेळी शहाणा झालोय: चालू, बंद, चालू, बंद, दहा वेळा, सकाळ-दुपार मिसळून, कुठली पाळी ते ग्रंथपाल बाईंना न सांगता. त्यांनी दहाही बरोबर ओळखल्या.

हे कळवू का?

---

कुळागर · १३ जुलै, रात्री १०:४५

हे कळवाच. फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर, या ड्रायव्हरच्या तक्रारी तिथेच नोंदवतात. डीआरएमचा डीबग चालू करून, बूट झाल्यापासूनचा पूर्ण डीमेसेज जोडा, कापून नको. लॉगची जागा वाढवून घ्या, नाहीतर सुरुवातीच्या ओळी वाहून जातात आणि नेमक्या त्याच हव्या असतात. डीबगएफएसमधली (सिसएफएससारखीच, पण दोष शोधायची जागा) पीएसआरची स्थिती दोष दिसत असताना एकदा, नसताना एकदा. आणि ते ‘बाईंना न सांगता दहा वेळा’ पहिल्या परिच्छेदात लिहा.

---

वाळपईकर · १९ जुलै, रात्री ९:१०

कळवलं. चार दिवसांत उत्तर आलं. कर्नल डेव्हलपमेंट शाखेतला अगदी ताजा घेऊन परत बघा म्हणतात. आज रात्री बांधायला लावतो, वीज राहिली तर.

---

बोरीपूल · १९ जुलै, रात्री ९:१८

वाळपईकर दादा, ती हिरव्या पिनेची केबल टाकली नाही ना? मला हवीय. महागडा बोर्ड मागवण्यापेक्षा मुद्दाम बिघडलेला ईडीआयडी फुकट मिळतोय.

---

वाळपईकर · १९ जुलै, रात्री ९:२२

पिशवीत बांधून ठेवलीय. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतोय, बसस्टँडवर ये. पण पाऊस असेल तरच चालेल हां ती.